बंदिवासातील युवराज

राजपुत्राचे बालपण म्हणजे सुखाचे माहेरघर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सोन्याचा पाळणा, जरीचे कपडे, दाराशी झुलणारे हत्ती आणि मोठेपणी आपोआप लाभणारे सिंहासन, असे चित्र गोष्टीच्या पुस्तकांतून आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. इतिहासाची पाने चाळू लागलो म्हणजे मात्र निराळेच दृश्य दिसते. गादीचा वारस हा साऱ्या राज्याच्या आशेचे स्थान असतो; आणि म्हणूनच शत्रूचा डोळाही प्रथम त्याच्यावरच असतो. राजाला जिंकता आले नाही, तर त्याच्या वारसाला हाती धरावे आणि राज्याकडून हवे ते कबूल करून घ्यावे, हा राजनीतीतील फार जुना डाव आहे.

युरोपच्या इतिहासात या डावाचे एक प्रसिद्ध उदाहरण आढळते. सन १५२५ मध्ये इटलीतील पाव्हिया येथील लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस हा सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती सापडला. दुसऱ्या वर्षी तह होऊन राजाची सुटका ठरली. परंतु तह पाळला जाईल याची हमी म्हणून त्याला आपले दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. थोरला मुलगा, म्हणजे फ्रान्सच्या गादीचा वारस, त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता; धाकटा त्याहूनही लहान होता. दोन्ही देशांच्या सीमेवर वाहणाऱ्या बिदासोआ नदीवर ही अदलाबदल झाली. राजा स्वदेशी परतला आणि मुले परक्या मुलखात गेली. राजाने सुटताच तह झुगारून दिला. त्याचे प्रायश्चित्त मात्र त्या अजाण मुलांना भोगावे लागले. चार वर्षांहून अधिक काळ ती स्पेनमध्ये बंदिवासात राहिली आणि सन १५३० मध्ये मोठी खंडणी भरल्यावरच त्यांना मायदेशाचे दर्शन घडले.

महाराष्ट्रालाही असा प्रसंग अपरिचित नाही. सन १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाल्यावर शिवाजी महाराजांचे पुत्र संभाजीराजे यांना मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत काही काळ ओलीस राहावे लागले होते. त्यांचेही वय त्या वेळी आठच वर्षांचे होते. पण संभाजीराजांच्या पुत्राच्या वाट्याला जे आले, त्यापुढे हे सारे थोडेच म्हणावे लागेल. त्या युवराजाचे नाव शाहू. आयुष्याची साडेसतरा वर्षे त्यांनी शत्रूच्या छावणीत काढली.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली या गावी झाला. आजोबांची आठवण म्हणून त्यांचे नाव शिवाजी ठेवण्यात आले होते. पुढे ते शाहू याच नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या जन्माच्या सुमारासच औरंगजेब बादशहा प्रचंड सैन्यासह दक्षिणेत उतरला होता. सन १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वर येथे संभाजीराजे पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. राजधानी रायगडाला मोगल फौजेचा वेढा पडला. गडावर संभाजीराजांच्या राणी येसूबाई, सात वर्षांचे शाहू आणि संभाजीराजांचे धाकटे भाऊ राजाराम एकत्र अडकले होते.

त्या घटकेला येसूबाईंनी जो निर्णय घेतला, तो मराठ्यांच्या इतिहासात कायमचा स्मरणीय झाला आहे. नियमाप्रमाणे गादी त्यांच्या मुलाची होती. परंतु सात वर्षांचा मुलगा युद्ध चालवू शकणार नाही, हे त्या जाणत होत्या. त्यांनी आपल्या मुलाचा हक्क बाजूला ठेवला आणि तरुण राजारामांनी राज्याचा कारभार हाती घ्यावा, असा आग्रह धरला. सर्वांनी एकाच गडावर राहिल्यास सर्वच शत्रूच्या हाती पडतील, म्हणून राजारामांनी वेढ्यातून निसटून जावे, असेही ठरले. त्याप्रमाणे राजाराम गडाबाहेर पडले आणि पुढे दूर दक्षिणेत जिंजी येथे जाऊन त्यांनी लढा चालू ठेवला. येसूबाई मात्र मुलाला घेऊन रायगडावरच राहिल्या. अनेक महिने गड लढला. अखेर नोव्हेंबर १६८९ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला आणि मायलेक बंदिवान झाले.

औरंगजेबाने या बालयुवराजाला इजा केली नाही. त्याला राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब देऊन आपल्या छावणीतच ठेवून घेतले. यामागे दया होती, तसा हिशेबही होता. मराठ्यांचा खरा वारस आपल्या मुठीत आहे, तोवर केव्हातरी त्याचा उपयोग करता येईल, असा बादशहाचा विचार होता. बादशहाच्या निवासाभोवती तांबड्या कनातींचे एक मोठे आवार असे. त्याला गुलालबार म्हणत. त्या आवारात शाहू आणि येसूबाई यांचे डेरे असत. बादशहाची छावणी म्हणजे एक चालते शहरच होते. आज या किल्ल्याखाली, तर उद्या त्या नदीकाठी, असा तिचा मुक्काम हलत असे. तिच्याबरोबर हा युवराजही आपल्याच आजोबांच्या मुलखात परक्यासारखा फिरत राहिला. आपलेच गड एकामागून एक वेढले जात आहेत, हे त्याला शत्रूच्या तंबूतून पाहावे लागे.

या कठीण काळात शाहूंना माणसांची पारख झाली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने त्यांच्यावर माया केली आणि मायलेकरांना जपले. सन १७०३ मध्ये शाहूंनी धर्मांतर करावे, असा आग्रह बादशहाने धरला. शाहूंनी त्यास नकार दिला. तेव्हा सेनापती प्रतापराव गुजर यांच्या मुलांनी त्यांच्याऐवजी धर्मांतर पत्करून हे संकट टाळले. शत्रूच्या घरातील ममता आणि स्वजनांचा त्याग या दोन्ही गोष्टी शाहूंच्या मनावर खोल ठसल्या. त्यांचा पुढील स्वभाव याच अनुभवातून घडला, असे म्हणता येईल.

सन १७०७ च्या मार्च महिन्यात औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला. त्याच्या मुलांमध्ये तख्तासाठी युद्ध पेटले. राजपुत्र आझमशहा शाहूंना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला. वाटेत भोपाळजवळील दोराहा येथे, मे महिन्यात, त्याने शाहूंना मुक्त केले. त्यामागेही राजकारण होतेच. सन १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले होते आणि त्यांच्या राणी ताराबाई आपल्या लहान मुलाच्या नावाने मोठ्या धडाडीने राज्य चालवीत होत्या. शाहू परत गेले म्हणजे मराठ्यांत दोन पक्ष पडतील आणि मोगलांच्या पाठीमागचा त्रास कमी होईल, असा आझमशहाच्या सल्लागारांचा अंदाज होता. शाहूंनी शब्द पाळावा यासाठी येसूबाई आणि सावत्र बंधू मदनसिंग यांना मात्र मोगलांकडेच ठेवून घेण्यात आले. मुलगा सुटला, पण आई ओलीस राहिली.

वयाच्या पंचविशीला टेकलेले शाहू थोड्याशा लोकांनिशी दक्षिणेस निघाले. जवळ खजिना नव्हता, फौज नव्हती. होते ते केवळ शिवाजी महाराजांचे नातू हे नाव. खानदेश ओलांडून ते महाराष्ट्रात उतरले, तसतसे एकेक सरदार त्यांना येऊन मिळू लागले. औरंगाबाद प्रांतातील पारद या गावी मात्र त्यांना विरोध झाला. गावचा पाटील लोखंडे लढाईत पडला. त्याची विधवा पत्नी आपले लहान मूल घेऊन आली आणि तिने ते शाहूंच्या पायांवर घातले. आपल्याशी लढलेल्या माणसाचे ते मूल होते; तरी शाहूंनी ते उचलून घेतले. पहिल्याच फत्तेची आठवण म्हणून त्यांनी त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि पुत्रवत् त्याचा सांभाळ केला. हाच मुलगा पुढे अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळ पुरुष झाला. ज्या बादशहाने आपले बालपण हिरावून घेतले, त्याच्या खुलताबाद येथील कबरीचेही शाहूंनी दर्शन घेतले. ज्याने स्वतः बंदिवास भोगला, त्याच्या मनात सूडबुद्धी वाढेल असे आपल्याला वाटते. शाहूंच्या बाबतीत मात्र उलटेच घडले.

सिंहासनाचा मार्ग तरीही सोपा नव्हता. ताराबाईंनी शाहूंचा हक्क मान्य केला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, संभाजीराजांच्या वेळचे राज्य मोगलांनी घेतले. त्यानंतर जे राज्य उभे राहिले, ते राजारामांनी आणि त्यांच्या सरदारांनी लढून मिळविले आहे. तेव्हा त्यावर राजारामांच्या मुलाचाच अधिकार आहे. शाहूंचे म्हणणे असे होते की, राज्य थोरल्या महाराजांनी स्थापिले. त्यांच्या थोरल्या मुलाचा मुलगा जिवंत असताना गादी त्याचीच आहे. काकांनी राज्य राखले, ते त्याच्याच वतीने राखले. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते. एकीकडे जन्माचा हक्क होता आणि दुसरीकडे सात वर्षांच्या निकराच्या लढ्याचा. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या पक्षाला मिळाले आणि लढाईचे पारडे फिरले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंना राज्याभिषेक झाला. पुढे राजारामांच्या वंशाची गादी कोल्हापुरास स्थिर झाली आणि एका घराण्याची दोन राज्ये झाली.

शाहू छत्रपती झाले, तरी त्यांच्या मनातील एक सल गेला नव्हता. आई अद्याप दिल्लीस होती. सन १७१८ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ मराठ्यांची फौज घेऊन दिल्लीस गेले. तेथे त्यांनी स्वराज्याच्या आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. त्याचबरोबर येसूबाईंची सुटका करवून घेतली. सन १७१९ च्या उन्हाळ्यानंतर येसूबाई साताऱ्यास पोहोचल्या. रायगड पडल्यापासून जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. त्यांतील शेवटची बारा वर्षे मायलेकरांची ताटातूटच होती. सनदांचे मोल इतिहासकार पैशांत मोजतात. शाहूंना या स्वारीचे सर्वांत मोठे फळ कोणते वाटले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

वारसाच्या हक्काचा वाद एकदा सुरू झाला म्हणजे तो सहजासहजी मिटत नाही. तो राजवाड्यात उत्पन्न होतो. परंतु त्याची झळ फार दूरच्या लोकांना लागते. जालना शहराला हा अनुभव सन १७२७ मध्ये आला. कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना ही त्या काळी औरंगाबाद सुभ्यातील भरभराटलेली बाजारपेठ होती. जालना सोन्याचा पालना, ही म्हण आजही त्या वैभवाची साक्ष देते. अशा सधन पेठेवर लढाऊ फौजांची दृष्टी जाणे स्वाभाविकच होते. सन १६७९ मध्ये खुद्द शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली होती. सन १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथील लढाई जिंकून निजामुल्मुल्क दक्षिणेचा स्वतंत्र सत्ताधीश बनला आणि जालन्याचा मुलूख त्याच्या ताब्यात गेला.

या चतुर निजामाने मराठ्यांच्या घरातील दुहीचा उपयोग करून घ्यावयाचे ठरविले. त्याने शाहूंना द्यावयाची चौथाई थांबविली. छत्रपती म्हणविणारे दोघे आहेत, एक साताऱ्याचे शाहू आणि दुसरे कोल्हापूरचे संभाजी. तेव्हा खरा वारस कोण हे आधी सिद्ध करा, मग पैसे देऊ, अशी भूमिका त्याने घेतली. एखाद्या वादी-प्रतिवादीप्रमाणे आपल्या जन्महक्काचे पुरावे परक्यापुढे मांडावेत, ही कल्पनाच शाहूंना असह्य झाली. त्यांनी पेशवे बाजीराव यांना युद्धाची आज्ञा दिली.

पावसाळा सरताच बाजीरावांची घोडदळे निजामाच्या मुलखात शिरली. जालना आणि सिंदखेड या भागांची त्यांनी लूट केली. निजामाचा सरदार ऐवजखान फौजेनिशी आडवा आला, तेव्हा त्याच्याशी झटापट देऊन बाजीराव बऱ्हाणपुराची हूल दाखवीत झपाट्याने गुजरातेकडे निघून गेले. निजाम पाठलाग करून थकला आणि पुण्याकडे वळला. बाजीराव पुन्हा विजेसारखे परत आले आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये त्यांनी पालखेड येथे निजामाला अन्नपाणी तोडून कोंडीत पकडले. मार्च महिन्यात मुंगी-शेवगाव येथे तह झाला. निजामाने कोल्हापूरकरांची बाजू सोडली आणि शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला.

या मोहिमेचे वर्णन युद्धकलेच्या पुस्तकांत मोठ्या गौरवाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्याकडे जालन्याच्या पेठेतूनही एकदा पाहिले पाहिजे. तेथील व्यापाऱ्याने, विणकराने किंवा भोवतालच्या खेड्यांतील कुणब्याने साताऱ्याची गादी पाहिली नव्हती आणि कोल्हापूरचीही पाहिली नव्हती. खरा वारस कोण, हे त्याला कोणी विचारले नव्हते. तरी त्या प्रश्नाचा निर्णय होण्यासाठी जी किंमत पडली, तिचा एक हिस्सा त्याच्या धान्याच्या कणगीतून आणि दुकानाच्या गल्ल्यातून गेला. राजाच्या हक्काचा प्रश्न तलवारीने सोडविला जातो, तेव्हा प्रजेला असाच न मागितलेला भार उचलावा लागतो.

शाहूंना स्वतःलाही युद्धाची हौस नव्हती. सन १७३१ मध्ये कराडजवळ जाखिणवाडी येथे त्यांनी आपले चुलत बंधू कोल्हापूरचे संभाजी यांची भेट घेतली आणि वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरवून भाऊबंदकी मिटविली. प्रतिस्पर्ध्याला त्यांनी कैद केले नाही. ताराबाई पुढे साताऱ्यास आल्या, तेव्हा त्यांनाही मानाने वागविले. स्वतः रणांगण न गाजविता योग्य माणसे निवडावी, त्यांच्यावर विश्वास टाकावा आणि रयतेला त्रास देऊ नये, अशी त्यांची राज्य करण्याची रीत होती. त्यांच्याच कारकिर्दीत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर म्हणजे सातारा शहर वसले आणि मराठ्यांची सत्ता नर्मदा ओलांडून उत्तरेत पसरली.

ज्यांचे सारे आयुष्य वारसाहक्काच्या प्रश्नाभोवती फिरले, त्या शाहूंना मात्र वारस लाभला नाही. त्यांचा एकही पुत्र जगला नाही. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजांना दत्तक घेण्याचे ठरले आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताराबाईंनी रामराजांच्या वारसाविषयीच शंका काढली आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला.

शाहूंचे चरित्र वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. जन्माने त्यांना एक नाव दिले आणि त्या नावामुळेच त्यांना बंदिवास घडला. परंतु त्या नावाला शोभेसे वागणे ही जन्माची देणगी नव्हती. ती त्यांनी स्वतः कमावली. आईने हक्क सोडून दाखविला, परक्या बेगमेने माया करून दाखविली, गुजर बंधूंनी त्याग करून दाखविला. आणि पारदच्या पोरक्या मुलाला उचलून घेताना शाहूंनी आपण काय शिकलो, हे दाखवून दिले.

आज आपल्या देशात राज्य कोणत्याही घराण्याच्या वारशाने चालत नाही. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, तेव्हापासून राज्याचा वारसा सर्व जनतेकडे आला आहे. सन १७२७ मध्ये ज्या जालन्याला कोणी विचारले नव्हते, तेथील शेतकरी, विणकर आणि व्यापारी आता कारभार कोणी करावा हे आपल्या मताने ठरवितात. वारसा लाभणे हे भाग्य खरे; तो सांभाळण्याची पात्रता मात्र प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावी लागते.